पालकांनी बाहेर थांबावे

मार्च लागला की सोलापुरात घरांवरचे पत्रे तापतात आणि शाळांना पालकांची आठवण येते.

परवा माझ्या मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर निरोप आला. वर 'डिअर पेरेंट्स', खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग आणि मध्ये एवढंच, की मंगळवारी सकाळी अकरा वाजता पालक सभा आहे, उपस्थिती अनिवार्य. मंगळवारी सकाळी अकराला जो माणूस रिकामा असतो तो पालक, अशी या लोकांची सरळसाधी व्याख्या आहे. बाकीच्यांनी मुलं नुसती जन्माला घातलेली. निरोपाखाली धडाधड अंगठे उमटले. मीही उमटवला आणि खिडकी उघडली, तर समोरचा कडुलिंब मोहरलेला. त्या मोहराला एक कडवट गोड वास असतो. ऊन चढेल तसा तो घरात येऊन बसतो. तो आला की मला माझ्या मुलीची शाळा आठवत नाही. धाकट्या बहिणीची, अंबिकाची शाळा आठवते आणि काहीतरी थुंकून टाकावंसं वाटतं.

त्या शाळेचं नाव सांगत नाही. नाव छापून आलं तर त्यालाही ते प्रसिद्धीच समजतील.

आम्ही तेव्हा अशोक चौकाच्या मागं राहायचो. वडील, म्हणजे आमचे नायना, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. अम्मा त्याच बाजूच्या एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. दोघं घरी यायची तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर पांढरे तंतू असायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच आईबाप संध्याकाळी असे पिकून घरी येतात. मार्चमध्ये घाम आणि तंतू मिळून मानेवर लेपच बसायचा. अम्मा माठाला तिरका विणला गेलेला एखादा टॉवेल ओला करून गुंडाळायची, त्यामुळे आमच्या पाण्यालाही सुताचा वास होता. कोपऱ्यावर कलिंगडांचा ढीग, दारोदारी वाळत घातलेल्या कुरडया, आणि दिवसभर चालणाऱ्या मागांचा खडखडाट. तो बंद पडला तरच ऐकू यायचा.

घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात दखनी. शाळेत यातलं काहीच चालत नव्हतं. तिथं एक निराळीच भाषा होती. 'पाल्य' हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. आपल्या पाल्याची प्रगती, आपल्या पाल्याची गैरहजेरी. जगातल्या कुठल्याही आईनं आपल्या लेकराला 'ए पाल्या, जेवायला ये' म्हणून हाक मारलेली नाही. हा शब्द फक्त शाळेच्या फाटकाच्या आत जगतो. फाटकाच्या बाहेर पाटी होती, 'पालकांनी बाहेर थांबावे.' पाटी शुद्ध होती. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नाही. शाळेतली सगळी काळजी त्या पाटीवर खर्च झाली असावी.

अंबिका नववीत गेली त्या वर्षी जुलैमध्ये अम्मा पालक सभेला गेली होती. अर्धा दिवस बुडवून, शिलाईच्या मशीनवरून तशीच उठून. पदराला दोरे चिकटलेले. वर्गशिक्षिकेनं आधी दोऱ्यांकडे पाहिलं, मग गुणांकडे. "मॅथ्स वीक आहे, सायन्स वीक आहे. घरी कोणी लक्ष देत नाही का? ट्यूशन लावा. नेक्स्ट."

संध्याकाळी मी विचारलं, "काय झालं गं सभेत?"

"काय न्हाय," अम्मा पदरावरचे दोरे एकेक करून काढत म्हणाली, "माझी पाळी संपली म्हणाल्या. मी अजून बोललेच नव्हते."

तिला एकच विचारायचं होतं. अंबिका आधी घरी येऊन शाळेतलं खूप बोलायची, ती आता का बोलत नाही? हा प्रश्न घेऊन ती कारखान्यापासून चालत गेली आणि तो तसाच परत घेऊन आली. पुढच्या सभेला ती गेली नाही. तिच्या नावापुढं 'गैरहजर' लागलं, आणि शाळेला हवा तो पुरावा मिळाला.

डिसेंबरात स्नेहसंमेलन झालं. त्यात पालक प्रबोधन नावाचा एक कार्यक्रम होता. कुणी एक निवृत्त साहेब पाहुणे आले होते. जागरूक पालक कसा असावा, यावर ते बराच वेळ बोलले. मुलांशी संवाद साधा म्हणाले, रोज एकत्र जेवा म्हणाले, महिन्यातून एकदा सहलीला जा म्हणाले. रातपाळी करून आलेले नायना इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांना झोप लागली. पाहुण्यांच्या ते नजरेस पडलं. बोट दाखवून ते म्हणाले, "हे बघा, ही पालकांची उदासीनता. हीच आपली खरी समस्या." सगळं सभागृह हसलं. त्या हशानं नायनांना जाग आली. सगळे हसतायत म्हणून तेही हसले.

मी त्यांच्या शेजारीच होते. तो पाहुणा घरी जाऊन जेवला असेल, छान भाषण झालं म्हणून बायकोला सांगितलं असेल. अशा माणसांविषयी राग येत नाही. राग यायला समोर थोडा तरी माणूस असावा लागतो.

मग मार्च आला, आणि वर्षभर ज्यांना बाहेर थांबवलं त्यांना शाळेनं एकाएकी आत बोलावलं. अंबिकानं निरोप आणला. आई आणि वडील दोघांनीही मुख्याध्यापिकांना भेटावं. अम्मा घाबरली. नायनांनी दिवसपाळी बुडवली. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, मीही बरोबर गेले. शिपायानं मला ऑफिसच्या दारातच अडवलं. "तुमी पालक न्हाय. तुमी बाकावर बसा."

बाकावर आधीच दोघं होते. एक सलीमभाई, रिक्षा चालवायचे. त्यांची रुबीना अंबिकाच्याच वर्गात होती. दुसऱ्या गंगाबाई. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातून पहाटेच्या एसटीनं आलेल्या. कपाळावर भस्म, हातात कापडी पिशवी. त्यांचा शिवू सोलापुरात मामाकडं राहून शिकत होता. तिघंही एकमेकांपासून जरा अंतर राखून बसलो. आपल्याच मुलाचं काहीतरी वाईट झालंय आणि ते शेजारच्याला कळू नये, असं प्रत्येकाला वाटत होतं. वर पंखा फिरत होता, वारा मात्र लागत नव्हता. खिडकीतून तोच कडुलिंबाचा वास येत होता.

ऑफिसचं दार अर्धवट उघडं होतं. मला सगळं दिसत होतं. टेबलासमोर दोन खुर्च्या. एकीवर मॅडमची पर्स. दुसरीवर कोण बसणार हे न ठरल्यामुळं अम्मा आणि नायना दोघंही उभे. अंबिका त्यांच्या मध्ये. मॅडम कागद चाळत म्हणाल्या, "हिची शैक्षणिक प्रगती असमाधानकारक आहे. बोर्डाला शाळेचा निकाल खाली येईल. आम्ही हिला नववीत पास करून देतो, पण दाखला घेऊन जा. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवा." मग त्यांना वाटलं असावं की समोरच्या बाईला काही कळत नाही. त्या अंबिकाला म्हणाल्या, "तुझ्या भाषेत सांग तिला."

तिला.

मराठीत आपल्याकडे 'त्यांना' म्हणून एक शब्द आहे. तो शाळेतच शिकवतात. त्या बाईंनी तो कित्येक वर्षं शिकवला असेल.

अंबिकानं सांगितलं. निकाल खाली येईल, दाखला न्या, सगळं तेलुगूत सांगितलं, आवाज न बदलता, जणू दुसऱ्या कुणाविषयी बोलतेय. मॅडम पुढं म्हणाल्या, "तिला सांग, घरी अभ्यासाचं वातावरण नाही. आईवडिलांना मुलीची काळजी नाही, म्हणून ही वेळ आली."

अंबिका खुर्चीवरच्या पर्सकडे बघू लागली.

"सांग की."

अंबिका अम्माकडे वळली आणि तेलुगूत म्हणाली, "अम्मा, हे मी नाही सांगणार."

मी बाकावरून उठले होते. अम्मानं लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि मॅडमकडे बघून मराठीत म्हणाली, "म्याडम, मला मराठी येतंय. मी हितंच जन्मले, सोलापुरात. तुमी माज्याशीच बोला की."

मॅडमनी काय करावं? त्यांनी एक तयार अर्ज पुढं सरकवला आणि नायनांना म्हणाल्या, "इथे सही करा." नायनांनी हात पँटला पुसला आणि पेन घेतलं. आयुष्यभर जिथं सांगतील तिथं सही करणारा माणूस तो. मी दारातून ओरडले, "नायना, थांबा, आधी वाचू द्या." शिपाई माझ्यापुढं हात आडवा करून उभा राहिला. तरी त्याच्या खांद्यावरून मला एक ओळ दिसली. 'मी माझ्या पाल्यास स्वखुशीने या शाळेतून काढून घेत आहे.' स्वखुशीने! इतका गोड शब्द इतक्या घाणेरड्या कामाला जुंपलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

अम्मानं नायनांचं मनगट धरलं. नुसतं धरून ठेवलं.

मी मागं वळले आणि बाकावरच्या दोघांना विचारलं, "तुम्हाला कशाला बोलावलंय?"

गंगाबाई म्हणाल्या, "मला काय बी कळंना बघा. पोराला दुसरीकडं घाला म्हनत्यात. वर्गात त्यो एकटाच कच्चा हाय म्हनं."

सलीमभाईंनी मान वर केली. "मेरे कू भी वोइच बोले. तुम्हारी अकेली की वजह से निकाल गिरता बोले."

तिघांनाही एकटंच गाठलं होतं. प्रत्येकाला सांगितलं होतं की तुझंच लेकरू तेवढं शाळेच्या तोंडाला काळं फासणार आहे. शरमेनं माणूस शेजारच्याशी बोलत नाही, हे त्या शाळेला बरोबर ठाऊक होतं. इतर कुठल्या विषयात ती शाळा एवढी हुशार निघाली नाही.

"अय्य शिवने," गंगाबाई कानडीत देवाला हाक मारत, पिशवी सावरत उठल्या. सलीमभाईही उठले. "चलो बेटी. सब अंदर."

शिपाई एवढ्या माणसांना कुठं पुरणार. आम्ही आत गेलो. मॅडम म्हणाल्या, "हे काय चाललंय? एकेकानं या."

"एकेक को बुलाको एकेक को भगाते क्या?" सलीमभाई म्हणाले. आवाज चढवला नव्हता. रिक्षात बसलेल्या गिऱ्हाइकाला पत्ता विचारावा तसं विचारलं. "एक बात बोलो मॅडम. हमारे बच्चे नववी में पास हैं के नापास?"

"पास करणार आहोत, म्हटलं ना."

"पास हैं तो निकालते कायकू?"

मॅडमनी घंटी वाजवली, शिपाई आत आला, मॅडमना त्याला काय सांगायचं ते सुचलं नाही, तो पुन्हा बाहेर गेला. गंगाबाईंनी खुर्चीवरची पर्स उचलून अलगद टेबलावर ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या. पहाटेच घरून निघाल्या होत्या बिचाऱ्या. मी म्हणाले, "आम्ही कुणीच सही करणार नाही. काढायचं असेल तर तुम्ही कारण लिहून काढा, तुमच्या सहीनं." मला कायद्यातलं काही कळत नव्हतं. पण सही आमची हवी, शाळेची नको, एवढ्यावरून बाकीचं समजत होतं.

मॅडम पाणी प्यायल्या. आम्हाला विचारलं नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही लोक मुलांचं भलं करू देत नाही," आणि आम्हाला जायला सांगितलं. दाखले काही कुणी हातात दिले नाहीत. जूनमध्ये तिन्ही मुलं दहावीच्या वर्गात बसली.

आता मी स्वतः पालक सभेला जाते तेव्हा मला खुर्ची मिळते. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र असतं, बोलण्यात चार इंग्रजी शब्द असतात, आणि शिक्षिका मला 'मॅम' म्हणते. माझी मुलगी काय करते, कुणाशी खेळते, कशाला घाबरते, सगळं मी विचारते आणि मला सांगितलंही जातं. अम्मानं विचारायला नेलेला प्रश्न याहून अवघड नव्हता. शेजारी एखादी बाई कामावरून तशीच उठून आलेली असते, तिच्यापर्यंत नंबर येईतो शिक्षिकेचं घड्याळाकडे बघणं सुरू झालेलं असतं. मग बैठक संपल्यावर चहा पिताना हीच मंडळी म्हणतात, काय करणार, या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही. हे वाक्य म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे एक समाधान असतं, ते मला बिस्किटासकट गिळवत नाही.

दहावीचं ते वर्ष शाळेनं सूड घेतल्यासारखं काढलं. सकाळचे जादा तास 'निवडक' मुलांना. आमची तिघं निवडक नव्हती. मग तिघं आमच्या घरी बसू लागली. मला जमेल तेवढं गणित मी घ्यायचे, बाकीचं ती आपसात भांडून सोडवायची. अम्मानं टीव्हीवर कापड टाकलं ते वर्षभर काढलं नाही. रातपाळीवरून आलेले नायना पोरांना त्रास नको म्हणून बाहेर ओट्यावर टॉवेल अंथरून झोपायचे. सलीमभाई रुबीनाला सोडायला यायचे आणि परत न्यायला यायचे, मधल्या वेळात रिक्षा दारातच लावून डुलकी काढायचे. गंगाबाई एसटीच्या कंडक्टरकडे ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा द्यायच्या, आणि शिवू स्टँडवर जाऊन तो घेऊन यायचा. त्या डब्याचं झाकण उघडलं की लसणाचा वास आणि भूमिती एकत्रच आमच्या डोक्यात शिरायची. पाहुणे साहेबांच्या भाषणात यातलं काहीच नव्हतं. सहलीला मात्र आम्ही गेलो नाही.

अंबिका पुन्हा बोलू लागली होती. वर्गात शेवटच्या बाकावर बसवतात, टीचर आमची वही तपासत नाहीत, सगळं सांगायची. एकदा अम्मानं तिला विचारलं, "मग आधी का सांगत नव्हतीस?" अंबिका म्हणाली, "आठवीतही तू अशीच कामावरून शाळेत आली होतीस ना, तेव्हा टीचर तुझ्या पदराकडं बघून हसल्या. मला वाटलं, मी काही बोलले तर तू परत येशील." अम्मा आत गेली. बराच वेळ भांडी आपटत राहिली.

निकाल लागला. अंबिका आणि शिवू पास झाले, फार वर नाहीत आणि काठावरही नाहीत. रुबीना गणितात गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. आवाजात मध. "अभिनंदन हं. शाळेनं कमकुवत विद्यार्थ्यांवर विशेष प्रयत्न घेतले, त्याची पेपरमध्ये बातमी द्यायची आहे. अध्यक्ष येणार आहेत. आईवडिलांना घेऊन या फोटोसाठी." फोन स्पीकरवर होता. नायना जेवत होते. ते घास हातात धरून म्हणाले, "विचार, सलीमभाईंना बोलावलंय का?"

मी विचारलं.

"त्यांची मुलगी नापास झाली ना," मॅडम म्हणाल्या, "त्यांना कशाला?"

नायनांनी घास खाली ठेवला. "सांग, जमणार नाही म्हणावं," ते म्हणाले, "कामावर जायचंय." मग ताटावरून उठले, हात धुतले आणि कामावर गेले नाहीत. अम्माला म्हणाले, "चल, सलीमभाईंकडं जाऊन येऊ." मी आणि अंबिकाही निघालो. तिकडे गंगाबाईंनाही शाळेचा फोन गेला होता, त्यांनी तर एसटी नाही म्हणून सांगून टाकलं.

पेपरात फोटो आला. मॅडम, अध्यक्ष, दोन शिक्षक, हार, फुलं. खाली ओळ होती, 'पालकांच्या सहकार्याने यश.' फोटोत एकही पालक नव्हता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण शाळेचे फोटो तसेच असतात.

आम्ही सलीमभाईंच्या घरी गेलो त्या दिवशी रुबीना आतल्या खोलीत तोंड झाकून पडली होती. तिच्या मामांनी बार्शीचं एक स्थळ काढलं होतं. आता पुढं शिकवून काय करायचं, म्हणत होते. सलीमभाई उंबऱ्याच्या बाहेर रिक्षाला टेकून उभे. मॅडमच्या टेबलासमोरचा माणूस तो हाच का, असं वाटावं इतके लहान झालेले.

अम्मा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भाई, त्या दिवशी सब अंदर चलो म्हणून तुमीच म्हणलाव की. आता घर तुमचं, पोरगी तुमची, आन् तुमीच बाहेर काय थांबलाव?"

सलीमभाई म्हणाले, "क्या करूं बहन, उसके मामू..."

"मामूला मी बोलते. जुलैत परत परीक्षा हाय. एकच विषय हाय. पोरगी माज्याकडं राहील."

ती आत गेली. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. मामा आधी मोठ्यानं बोलले, मग हळू, मग गप्प झाले. थोड्या वेळानं अम्मा रुबीनाला घेऊनच बाहेर आली. रुबीनाच्या हातात कपड्यांची पिशवी होती आणि अम्माच्या हातात तिचं गणिताचं पुस्तक, उलटं धरलेलं.

त्या जून-जुलैत आमच्या घरात गणिताशिवाय काही शिजलं नाही. अंबिका स्वतः नुकतीच सुटली होती, तरी रोज रुबीनासोबत पुन्हा तीच प्रमेयं. चिडायच्या, रडायच्या, एकाच चटईवर झोपायच्या. परीक्षेला सलीमभाईंनी रिक्षातून नेलं आणि पेपर सुटेपर्यंत एकही गिऱ्हाईक घेतलं नाही.

पुरवणी परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी दुपारी गल्लीत हॉर्न वाजत राहिला. रिक्षात सगळं घर कोंबून सलीमभाई आले होते, मामासुद्धा. अम्मा हात पुसत बाहेर आली. "किती पडले?"

"पास है बहन," सलीमभाई म्हणाले, "नंबर मत पूछो."

आधी रुबीनाच हसली. मग अम्मा, मग मामा, मग ओट्यावर उठून बसलेले नायना, अर्धवट झोपेत, पण या वेळी आपण का हसतोय ते ठाऊक असलेले. कुणीतरी मिठाई आणायला धावलं, कुणीतरी गंगाबाईंना फोन लावला, त्या तिकडून कानडीत ओरडत होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांना बातमी पोचली.

शाळेला कळवावं, असं आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही.